वेशीबाहेर जाण्याचा हक्क

आपल्या घराघरांत कागदांची एक पिशवी असते. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि पेटीच्या तळाशी ही पिशवी. तिच्यात रेशनकार्ड, शाळा सोडल्याचे दाखले, जातीचे दाखले, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, झोपडीचा फोटोपास, विजेची जुनी बिले, गेलेल्या माणसांचे मृत्यूचे दाखले. पावसात घरात पाणी शिरले की आपण आधी लेकरे उचलतो आणि मग ही पिशवी. भांडीकुंडी नंतर. ज्यांच्या नावावर सातबारा नाही, त्यांचा सातबारा म्हणजे ही पिशवीच.

त्यातल्या बऱ्याच कागदांवर जात लिहिलेली असते. ती लिहावी लागते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची भरपाई मागायची तर अन्याय कोणत्या नावाने झाला ते सांगावे लागते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आमच्या पिशवीत एक चीज अशी आहे की तिच्यावर जातीचा रकाना नाही आणि धर्माचाही नाही. ती म्हणजे आमच्या थोरल्याचा पासपोर्ट. नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आणि राष्ट्रीयत्वापुढे एकच शब्द, भारतीय. आतल्या पानावर राष्ट्रपतींच्या नावाने साऱ्या देशांना विनंती केलेली असते की या माणसाला विनाअडथळा जाऊ-येऊ द्यावे आणि लागेल ती मदत करावी. सफाई खात्यात पस्तीस वर्षे झाडू धरलेल्या माणसाच्या मुलासाठी देशाचे राष्ट्रपती शब्द टाकतात, ही काही लहान गोष्ट नाही.

तिचे मोल आपल्यालाच जास्त कळते, त्याला कारण आहे. गावाची वेस राखणे हे महार वतनातले एक काम होते. येसकर वेशीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवायचा, पण त्याला स्वतःला मर्जीने गाव सोडून जाण्याची सोय नव्हती. वतनदार महाराला सरकारी काम रात्री-अपरात्री केव्हाही करावे लागे, आणि तो हजर नसला तर त्याच्या जागी घरातल्या दुसऱ्या कोणाला धरून नेत. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, ते माणूस या दाव्यातून सुटावा म्हणून. स्वतः बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. १९२० साली उरलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. पुढे धम्माच्या ओढीने १९५० साली कोलंबोला, १९५४ साली रंगूनला आणि १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूला गेले. वेशीबाहेर जाऊन त्यांनी जे आणले, त्याच्यावर आज आपण उभे आहोत.

म्हणून २०२२ साली थोरल्याचा पासपोर्ट नवा करण्याची वेळ आली आणि तो मिळायला उशीर होऊ लागला, तेव्हा आम्हाला ते नुसते सरकारी काम वाटले नाही. तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता.

थोरला मस्कतला एसी दुरुस्तीचे काम करतो. त्याचा पहिला पासपोर्ट २०१३ च्या मार्चमधला. मोठ्या माणसाच्या पासपोर्टला दहा वर्षांची मुदत असते, म्हणजे तो २०२३ च्या मार्चला संपणार. करोनाच्या साथीमुळे तो २०१९ नंतर घरी आलाच नव्हता. २०२२ च्या ऑक्टोबरात, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, तीन महिन्यांची रजा घेऊन आला. जानेवारीत त्याचे तिकडचे राहण्याचे कार्ड नवे व्हायचे होते, आणि कंपनीने बजावले होते की पासपोर्टला निदान सहा महिने मुदत शिल्लक असल्याशिवाय कार्डाला हात लावणार नाही. कार्ड नाही तर काम नाही. त्याच्या पगारावर आम्ही दोघे, सूनबाई, नातू आणि कायद्याचे शिक्षण घेणारी धाकटी मुलगी, एवढी माणसे.

नवा पासपोर्ट तिकडच्या वकिलातीतही मिळतो. पण त्याला या वेळी तीन बदल करायचे होते आणि त्यांचे कागद इथे घरी होते. पहिला बदल पत्त्याचा. आमची जुनी चाळ नव्याने बांधायला पाडली आणि आम्ही ट्रान्झिट कॅम्पात आलो. दुसरा, सूनबाईचे नाव घालायचे होते. तिसरा बदल सर्वांत मोलाचा. त्याच्या पहिल्या पासपोर्टवर शिक्का होता, की आखातातल्या देशांसारख्या ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी लागेल. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर हा शिक्का असतो. कमी शिकलेल्या माणसाला परदेशात कोणी फसवू नये, हा त्यामागचा हेतू. आमच्या थोरल्याची शाळा आठवीत सुटली होती. पण त्याने १७ नंबरचा फॉर्म भरून २०१९ च्या रजेत दहावीची परीक्षा दिली आणि तो पास झाला. ते गुणपत्रक जोडले की शिक्का जाणार होता. तो म्हणाला, "आई, पास झालो ते कुणाला तरी दिसू दे."

धाकटीने मोबाइलवर अर्ज भरला, १५०० रुपये भरले, आणि पासपोर्ट सेवा केंद्रात जाण्याची तारीख पाहिली. सर्वांत जवळची तारीख जवळजवळ महिन्याने होती. तत्काळसाठी २००० रुपये जास्त भरायची आमची तयारी होती, पण तिथेही लवकरची तारीख मिळेना.

असे का झाले, ते समजून घ्यायला हवे. साथीच्या दोन वर्षांत लोकांचे जाणे-येणे बंद होते, म्हणून पासपोर्टची कामे मागे पडली होती. सीमा उघडल्या आणि कामगार, विद्यार्थी, पर्यटक सारे एकदम रांगेत आले. त्यातच परदेशी नोकरीसाठी लागणाऱ्या पोलिसांच्या दाखल्याची मागणी एकाएकी वाढली. तो दाखलाही याच केंद्रांतून मिळतो. म्हणून सरकारने २०२२ च्या सप्टेंबर अखेरपासून त्याचे अर्ज पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही घ्यायला सुरुवात केली, आणि डिसेंबरात काही ठिकाणी शनिवारीही केंद्रे उघडी ठेवली. म्हणजे उशीर एकट्या आमच्या वाट्याचा नव्हता. तरी ज्याच्या घरी जानेवारीची तारीख टांगलेली असते, त्याला हे समजून उमजूनही झोप लागत नाही.

अशा वेळी दलाल बरोबर येतो. केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेला एक जण म्हणाला, "काका, तीन हजार द्या, याच आठवड्यातली तारीख काढून देतो." थोरल्याचा हात खिशाकडे गेला. त्याच्या आईने विचारले, "बाबा, तारीख तर कॉम्प्युटर देतो ना? मग तू काय देतोस?" त्याला उत्तर आले नाही. आम्ही घरी परतलो. धाकटी रोज पहाटे मोबाइल उघडून बसे. पाच दिवसांनी कोणाची तरी सुटलेली तारीख हाती लागली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमचा नंबर आला.

केंद्रातले काम चोख झाले, हे सांगितले पाहिजे. टोकन मिळाले. पहिल्या खिडकीवर कागद पाहिले, फोटो आणि बोटांचे ठसे घेतले. दुसऱ्या खिडकीवर सरकारी अधिकाऱ्याने मूळ कागद तपासले. दहावीचे गुणपत्रक पाहून तो म्हणाला, "नोकरी करून दिली का परीक्षा? छान." तिसऱ्या खिडकीवर मंजुरीचे काम. दीड तासात थोरला बाहेर आला. जुन्या पासपोर्टवर रद्दचा शिक्का बसला होता आणि हातात एक पावती होती.

खरी काळजी इथून सुरू झाली. जुना गेला आणि नवा आलेला नाही, अशा मधल्या दिवसांत माणसाला घरात बसून बेघर झाल्यासारखे वाटते. पत्ता बदललेला, म्हणून पोलिसांची पडताळणी लागणार होती. ट्रान्झिट कॅम्पात सारख्या दिसणाऱ्या खोल्या, दारावर पाट्या नाहीत, आणि दिवसा माणसे कामावर. शिपाई एकदा येऊन कुलूप पाहून गेला. मोबाइलवर रोज तेच एक वाक्य दिसू लागले, की पडताळणी चालू आहे. आम्ही चौकीवर गेलो. कधी फाईल आली नाही, कधी साहेब बंदोबस्ताला गेले, कधी उद्या या. चार फेऱ्या झाल्या.

पाचव्या फेरीला संबंधित शिपाई भेटले. टेबलावर फाइलींची चळत होती. माणूस दमलेला दिसत होता. त्यांनी कागद चाळले आणि विचारले, "आडनावावरून कळत नाही. तुम्ही नेमके कोण?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला नवा आहे? खोली भाड्याने घेताना विचारतात, गावच्या एसटीत शेजारी बसलेला विचारतो. धाकटी शांतपणे म्हणाली, "साहेब, या फॉर्मात तो रकाना नाही."

ते जरा वेळ फॉर्मकडे पाहत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "नाही खरा." त्यांनी पत्ता, शेजाऱ्यांची नावे, गुन्हा वगैरे आहे का, एवढेच विचारून लिहून घेतले. उठताना मात्र म्हणाले, "कागद पुढे सरकायला वेळ लागतो, काका. बघा काही." त्या 'काही'चा अर्थ सांगायला नको. थोरला बाहेर येऊन म्हणाला, "दादा, देऊन टाकू पाचशे. तिकीट बुडाले तर त्याच्या कितीतरी पट जातील."

त्या रात्री घरात बोलाचाली झाली. थोरल्याचे म्हणणे चूक होते असे नाही. गरिबाला तत्त्व महाग पडते आणि उशीर त्याहून महाग पडतो. पण त्याची आई म्हणाली, "आपण रोज पंचशील म्हणतो. ते काय नुसते तोंडाने? आणि आज तू पाचशे दिलेस की उद्या मागच्या खोलीतल्या बाईकडे ते हजार मागतील. तिचा नवरा नाही, ती कुठून देईल?" पाचशे रुपये दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी धाकटीने साध्या कागदावर अर्ज लिहिला. पडताळणी अमुक तारखेला झाली आहे, अहवाल पुढे पाठवावा, अर्जदाराला अमुक तारखेला कामावर हजर व्हायचे आहे. तो चौकीत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतली. आठवड्याने अहवाल गेला.

मधे ६ डिसेंबर आला. आम्ही सारे चैत्यभूमीला गेलो. अभिवादन करून परतताना पुस्तकांच्या दुकानांतून धाकटीने संविधानाची मराठी प्रत घेतली आणि घरी आल्यावर कलम २१ वाचून दाखवले. कलम इतके लहान की एका दमात संपते. कायद्याने ठरवून दिलेल्या रीतीशिवाय कोणाचे जगणे आणि स्वातंत्र्य हिरावता येणार नाही, असा त्याचा मतलब. त्यात पासपोर्ट हा शब्द कुठेच नाही. थोरला म्हणाला, "मग याचा आपल्याशी काय संबंध?"

तेव्हा तिने सांगितले ते वाचकांनीही ध्यानात ठेवावे. पूर्वी सरकार म्हणे की पासपोर्ट देणे न देणे ही आमची मर्जी. १९६७ च्या एप्रिलमध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य हे कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्यातच येते. पाच न्यायमूर्तींपैकी तिघांचे हे मत पडले. लगेच त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे पासपोर्ट नाकारायचा तर अधिकाऱ्याला कारण लिहून ठेवावे लागते आणि त्यावर अपील करता येते. पुढे १९७८ साली मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की नुसती रीत असून भागत नाही, ती न्याय्य आणि रास्त असली पाहिजे. तो खटलाही पासपोर्टवरूनच उभा राहिला होता.

धाकटीचे बोलणे संपल्यावर घरात थोडा वेळ कोणी बोलले नाही. संविधान आपण मिरवणुकीत डोक्यावर घेतो, विहारात त्याची उद्देशिका म्हणतो. पण त्यातले एक कलम आपल्या ट्रान्झिट कॅम्पातल्या खोलीपर्यंत येऊन आपल्या पोराच्या मागे उभे आहे, हे त्या रात्री आम्हाला समजले. खिडकीपुढे आपण हात जोडून उभे राहतो, तेव्हा आपण भीक मागत नसतो. आपण आपले मागत असतो. उद्धटपणा करू नये, कारण खिडकीमागचा माणूसही पोटासाठीच बसलेला आहे. पण मान खाली घालण्याचेही कारण नाही.

पोलिसांचा अहवाल गेला तरी पुढचे दोन आठवडे मोबाइलवर तेच, अर्ज तपासणीखाली आहे. चौकशीच्या १८००-२५८-१८०० या फुकट फोनवर दर वेळी थांबा असे उत्तर मिळे. शेवटी २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज केला. केंद्र सरकारचे काम म्हणून दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि विचारले, की आमचा अर्ज आज कोणाच्या टेबलावर आणि किती दिवसांपासून आहे. त्याचे उत्तर येण्याआधीच २७ डिसेंबरला पोस्टमन दारात आला. अर्जामुळे काम झाले की आमची पाळीच आली होती, हे सांगता येत नाही. पोस्टमनने ओळखपत्र पाहून पाकीट थोरल्याच्याच हाती दिले. त्याने आधी शेवटचे पान उघडले. सूनबाईचे नाव होते. मग तो शिक्का शोधू लागला. शिक्का कुठेच नव्हता. तिकिटाची तारीख एकदा बदलावी लागली होती, त्याचे आठ हजार गेले. पण जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो मस्कतला पोहोचला आणि त्याचे कार्ड नवे झाले.

या तीन महिन्यांत जे शिकलो, ते इतर घरांच्या उपयोगी पडावे.

पासपोर्टची मुदत संपण्याआधी एक वर्षापासून नव्यासाठी अर्ज करता येतो. बरेच देश सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणून दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच समजावा. लहान मुलांचा साधारणपणे पाच वर्षांचा असतो. आधार, दाखला, बँकेचे पुस्तक या सर्वांवर नाव अक्षर न अक्षर सारखे असावे. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी महिना जातो. घर पाडून दुसरीकडे गेलात तर आधारवरचा पत्ता आधी बदलून घ्यावा. दिवसा घरी कोणी नसेल तर शेजारच्या आत्या-मावशींना सांगून ठेवावे आणि दारावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे.

दहावी झालेल्याने गुणपत्रक जोडून तो शिक्का काढून घ्यावा. ज्याची दहावी राहिली आहे त्याने १७ नंबरचा फॉर्म भरावा. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांसाठीही मार्ग आहे. २०१६ च्या डिसेंबरात नियम बदलले, तेव्हापासून आई किंवा वडील, एकाचेच नाव दिले तरी चालते. आता चिप बसवलेले पासपोर्ट निघू लागले आहेत, म्हणून जुना घाईने बदलण्याचे कारण नाही. तो त्याच्या तारखेपर्यंत चालतो. लुंबिनीला जाणाऱ्यांनी काळजी करू नये, नेपाळला मतदार ओळखपत्रावर जाता येते. श्रीलंकेत अनुराधापूरला किंवा थायलंडला जायचे तर मात्र पासपोर्ट हवा. आणि पासपोर्ट कोणाकडे गहाण टाकू नये, दलालाकडे ठेवू नये. कायद्याने तो भारत सरकारच्या मालकीचा असतो.

आमच्या विहारात आता रविवारच्या वंदनेनंतर धाकटी आणि तिच्या दोन मैत्रिणी मोबाइल घेऊन बसतात आणि वस्तीतल्या लोकांचे अर्ज भरून देतात. पैसे घेत नाहीत. त्यांनी एक शंभर पानी वही केली आहे. तिच्यात ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांची नावे आणि मुदत संपण्याची तारीख. ज्याची तारीख वर्षावर आली, त्याच्या घरी निरोप जातो. आखातात काम करणारी मुले, परदेशी शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या दोन मुली, एक नर्सताई, आणि आयुष्यात एकदा बुद्धगयेच्या पुढे जाऊन श्रीलंकेतला बोधिवृक्ष पाहायचा म्हणणाऱ्या सत्तरीच्या आजी. आजींचा पासपोर्ट अजून निघालेला नाही. पण त्यांचे नाव वहीत पहिले आहे, आणि पुढच्या मंगळवारी त्यांना केंद्रावर घेऊन जायचे आहे.

जयभीम.